पहिल्यांदा निवासी साधना शिबिराला जाताना: नावनोंदणीच्या आधीपासून घरी परतल्यानंतरपर्यंत

शिबिराची चौकशी करणारे बहुतेक जण दोन गोष्टी विचारतात. कोणाचं आहे, आणि किती दिवसांचं आहे? या दोन्हींपेक्षा मोलाची माहिती एका पानावर मावते आणि ती फार थोडे लोक मागून घेतात. ती म्हणजे दिनक्रम. पहाटेच्या घंटेपासून रात्री दिवे मालवेपर्यंत कोणता तास कशासाठी राखला आहे हे कळलं, की तिथे तुमच्याकडून काय अपेक्षित आहे आणि तुम्हाला काय मिळू शकेल याचा बराच उलगडा होतो. शिबिरार्थी म्हणून बसून झाल्यावर मी व्यवस्थेतही राहिले आहे. अर्ध्यावर निघून जाणाऱ्यांत श्रद्धा कमी पडलेले क्वचितच दिसले. आपण कशाला होकार दिला आहे हेच माहीत नसलेले जास्त दिसले. म्हणून या लेखात सगळ्यात जास्त जागा त्या एका पानाला दिली आहे.

आधी कारण लिहून काढा

फॉर्म भरण्यापूर्वी एका कागदावर एकच वाक्य लिहा: मी जातोय किंवा जातेय, कारण… हे वाक्य दुसऱ्या कोणाला दाखवायचं नाही, त्यामुळे ते खरं लिहिता येईल.

"खूप थकवा आलाय, शांतता हवी" असं वाक्य आलं, तर आधी चार दिवस सुट्टी घेऊन झोप पूर्ण करा. साधना शिबिर म्हणजे कष्टाचं काम. तिथली शांतता ऐकू येते ती बाहेर. आत सुरुवातीला गलबलाच जास्त असतो. "आपल्या धर्मपरंपरेत नेमकं काय सांगितलंय ते समजून घ्यायचंय" असं आलं, तर मौनाच्या शिबिरात तुमची निराशा होईल, तुम्हाला अभ्यासवर्ग हवा. "एकटं वाटतं, समविचारी माणसं भेटावीत" या कारणात काहीही कमीपणा नाही, त्यासाठी सहजीवनाची शिबिरं असतात. आणि घरात नुकताच मृत्यू झाला असेल, तर पहिले काही महिने दीर्घ मौनाच्या वाटेला जाऊ नका असंच मी सांगेन. त्या काळात बोलायला माणूस लागतो.

कोणत्या प्रकारचं शिबिर

नावं अनेक असली तरी प्रकार मोजकेच आहेत.

पहिला मौन आणि ध्यानाचा. सत्यनारायण गोएंका यांनी १९६९ पासून भारतात शिकवलेली आणि इगतपुरीच्या धम्मगिरीसह जगभरच्या केंद्रांवर चालणारी दहा दिवसांची विपश्यना शिबिरं यात येतात. झेन या बौद्ध परंपरेतलं सेशीन यातलंच. ते बहुधा सात दिवसांचं असतं आणि त्यात बैठकीच्या जोडीला अंगमेहनतीच्या कामालाही साधनाच मानतात. ख्रिस्ती परंपरेत इग्नेशियस लोयोला यांनी सोळाव्या शतकात घालून दिलेली आध्यात्मिक साधना आहे. ती पूर्ण केली तर साधारण तीस दिवसांची होते, आणि साधक रोज एका मार्गदर्शकाला भेटतो. तिचा एक उपयोगी पर्याय फारसा माहीत नसतो. ज्यांना घर सोडता येत नाही त्यांना हीच साधना रोजचं काम सांभाळून, कित्येक महिन्यांवर पसरवून करता येते. लहान मुलं किंवा आजारी माणसं घरी असलेल्यांनी असा पर्याय आपापल्या परंपरेत आहे का हे जरूर विचारावं.

दुसरा प्रकार अभ्यासाचा. एखादा ग्रंथ, त्यावर प्रवचन, मग प्रश्नोत्तरं. सोबत योगासनं, प्रार्थना, भजन असतं. एकनाथ रानडे यांनी १९७२ साली स्थापन केलेल्या कन्याकुमारीच्या विवेकानंद केंद्रात योगाची आणि अध्यात्माची निवासी शिबिरं होतात, ती या अंगाची. 

तिसरा सहजीवनाचा. फ्रान्समधल्या तेझे या गावात ब्रदर रॉजर यांनी १९४० मध्ये सुरू केलेल्या समुदायाकडे वर्षभर तरुणांचे गट येतात, बहुतेक जण रविवार ते रविवार असा आठवडा राहतात. दिवसातून तीन वेळा सामुदायिक प्रार्थना, छोट्या गटांत चर्चा, आणि स्वयंपाकापासून साफसफाईपर्यंतची कामं सगळ्यांनी वाटून घ्यायची. विशी-पंचविशीतल्या मुलामुलींना पहिल्या अनुभवासाठी मी असंच शिबिर सुचवते. त्या वयात प्रश्न मोठ्याने विचारता येणं फार महत्त्वाचं असतं.

याखेरीज परंपरेने ठरवून दिलेले एकांतवास आहेत, उदाहरणार्थ रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत मशिदीत राहून करायचा एतिकाफ. त्यांचे नियम त्या त्या परंपरेतल्या जाणत्यांकडूनच समजून घ्यावेत.

दिनक्रमाचं पान कसं वाचायचं

विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिराचं वेळापत्रक उघडपणे उपलब्ध असतं, म्हणून तेच उदाहरणाला घेते. पहाटे ४ ला घंटा. ४.३० ते ६.३० ध्यान. मग न्याहारी आणि विश्रांती. ८ ते ११ ध्यान, ११ वाजता जेवण, १२ ते १ विश्रांती, आणि त्याच वेळात ज्यांना हवं त्यांना आचार्यांशी एकट्याने बोलता येतं. १ ते ५ पुन्हा ध्यान, ५ वाजता अल्पाहार, ६ ते ७ सामूहिक बैठक, ७ ते ८.१५ प्रवचन, त्यानंतर ९ पर्यंत शेवटची बैठक. ९.३० ला दिवे बंद. बैठकीचे तास जमेला धरले तर दिवसाला दहाच्या आसपास भरतात.

हे पान हातात घेऊन पाच गोष्टी पाहायच्या.

झोप पहिली. साडेनऊ ते चार म्हणजे जास्तीत जास्त साडेसहा तास. नव्या जागेत, शेजारच्या खाटेवर कोणी घोरत असताना पहिल्या दोन रात्री त्याहून कमीच मिळते. एखाद्या शिबिरात रात्री बारापर्यंत कार्यक्रम आणि पहाटे तीनला उठणं असेल, तेही सलग चार-पाच दिवस, तर मी त्या शिबिराला जाणार नाही. झोपमोड झालेल्या माणसाला रडू लवकर येतं, भारावून जाणं सोपं होतं आणि नाही म्हणणं अवघड. सच्च्या साधनेला अशा आधाराची गरज पडत नाही.

दुसरी गोष्ट, ऐकण्याचा वेळ किती आणि करण्याचा किती. वरच्या पानात दहा तास स्वतः करायचं आहे आणि सव्वा तास ऐकायचं. काही शिबिरांत हे प्रमाण नेमकं उलटं असतं. दोन्ही रास्त आहेत, फक्त तुम्ही लिहिलेल्या वाक्याशी ते जुळलं पाहिजे.

तिसरी, मार्गदर्शकाशी एकट्याने बोलण्याची वेळ. ती पानावर छापलेली असावी. विपश्यनेत दुपारची भेट आहे, सेशीनमध्ये गुरूंशी होणारी दोकुसान नावाची भेट आहे, इग्नेशियसच्या साधनेत तर रोजची भेट हाच कणा आहे. इतक्या वेगवेगळ्या परंपरांनी ही सोय ठेवली, कारण आत उतरलेल्या माणसाला मध्येच कोणाला तरी विचारावं लागतंच. जिथे शेकडो लोक एका सभागृहात बसतात आणि बोलायला कोणीच नाही, तिथे कार्यक्रम उत्तम होईल, साधनेची शिकवण होणार नाही.

चौथी, मोकळा वेळ. व्हिएतनामी बौद्ध भिक्खू थिक न्यात हान्ह यांनी १९८२ मध्ये फ्रान्समध्ये सुरू केलेल्या प्लम व्हिलेज या साधना केंद्रात आठवड्यातला एक दिवस कोणताही कार्यक्रम न ठेवता चक्क आळसासाठी राखून ठेवतात. तेवढं सगळीकडे शक्य नाही. पण सकाळपासून रात्रीपर्यंत एकही रिकामा अर्धा तास नसेल, तर शिकलेलं मुरायला जागाच उरत नाही. तरुणांच्या शिबिरांत आयोजकांची ही चूक फार होते. मुलं कंटाळतील या भीतीने खेळ, गाणी, स्पर्धा, व्याख्यानं एकापुढे एक रचलेली असतात.

पाचवी, जेवणांमधलं अंतर. रात्रीचं जेवण नसेल तर ते आधीच माहीत हवं. मधुमेहाची औषधं किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांसाठी तर हे डॉक्टरांना विचारून ठरवण्याचं काम आहे.

वेळापत्रक मागितल्यावर "या, अनुभवा, मग कळेल" असं उत्तर आलं तर थांबा आणि पुन्हा मागा. तरीही मिळालं नाही, तर दुसरं शिबिर शोधा.

आयोजकांना विचारायचे प्रश्न

शिकवणारी व्यक्ती कोण, ती कोणाकडून शिकली आणि प्रत्यक्ष शिबिरात हजर असणार की पडद्यावर? ध्वनिमुद्रित प्रवचन असण्यात गैर काही नाही, पण मग जागेवर उत्तर द्यायला कोण आहे?

शुल्क किती, त्यात काय काय येतं, आणि शिबिरादरम्यान आणखी पैसे मागितले जातात का? विपश्यनेत शुल्क नसतं आणि किमान एक शिबिर पूर्ण केलेल्यांकडूनच दान घेतात. इतर अनेक ठिकाणी ठरावीक रक्कम आगाऊ भरावी लागते. दोन्ही पद्धती स्वच्छ आहेत. मला खटकते ती तिसरी. मन भरून आलेलं असताना, शेवटच्या दिवशी, सगळ्यांसमोर उभं करून देणगीचा किंवा पुढच्या 'वरच्या पातळीच्या' शिबिराचा आकडा वदवून घेणं. अशा वेळी "घरी जाऊन कळवते" एवढंच म्हणा आणि त्यावर ठाम राहा.

मध्येच निघायचं झालं तर काय? चांगलं शिबिर सुरुवातीलाच पूर्ण वेळ थांबण्याचं वचन मागतं आणि तरीही दार बंद करत नाही. घरच्यांना तातडीने संपर्क साधायचा असेल तर कोणता क्रमांक, तो चोवीस तास उचलला जातो का, आणि तक्रार असेल तर ती शिकवणाऱ्यांशिवाय आणखी कोणाकडे नेता येते?

ज्या जागी आधीच्या आयुष्याची सार्वजनिक कबुली द्यायला लावतात, घरच्यांपासून दूर राहायला सांगतात किंवा गुरूंबद्दल प्रश्न विचारणं हाच दोष मानतात, तिथे जाऊ नका.

आरोग्याचा फॉर्म खरा भरा

या फॉर्मवर लोक सर्रास लपवतात, प्रवेश नाकारतील या भीतीने. कृपा करून असं करू नका. दीर्घ ध्यान सगळ्यांनाच मानवतं असं नाही. ज्यांना पूर्वी मनोविकाराचा तीव्र झटका येऊन गेला आहे, ज्यांना बायपोलर आजार आहे, भास होतात, किंवा आत्महत्येचे विचार येऊन गेले आहेत, त्यांच्यासाठी दिवसाला दहा तासांचं मौनध्यान धोक्याचं ठरू शकतं. बायपोलरमध्ये नुसती झोपमोड झटक्याला निमित्त होऊ शकते, अपस्मारातही (फिट येण्याच्या आजारातही) तेच. आपल्या मानसोपचारतज्ज्ञांना विचारून, त्यांची संमती असेल तरच जा. शिबिर आहे म्हणून चालू औषधं बंद किंवा कमी करायची नाहीत. कोणी स्वयंसेवक "इथे गोळ्या लागणार नाहीत" म्हणाला तरी नाही. प्रवेश नाकारला तर तो तुमच्या भल्यासाठी असतो. त्याऐवजी रोज दहा-पंधरा मिनिटांचा सराव, सामूहिक प्रार्थना, सेवा असे मार्ग खुले राहतात.

गुडघे, कंबर, गरोदरपण, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया हेही लिहा. खुर्ची आधी मागितली तर आधी मिळते.

मुलामुलींना पाठवताना

अठराच्या आतल्या मुलांसाठी नियम वेगळे हवेत आणि ते लेखी हवेत. मुला-मुलींची राहण्याची स्वतंत्र सोय, रात्री त्या त्या इमारतीत जबाबदार व्यक्ती, मुलींकडे स्त्रीच. कोणतीही मोठी व्यक्ती, मग ती कितीही आदरणीय असो, एकट्या मुलासोबत बंद खोलीत असणार नाही. व्यक्तिगत मार्गदर्शन असेल तर ते इतरांच्या नजरेच्या टप्प्यात. औषधं कोणाकडे, जवळचं रुग्णालय कोणतं, मुलाला वाटेल तेव्हा घरी बोलता येईल का? हे सगळं विचारल्यावर चांगला आयोजक सुखावतो. ज्याला राग येतो त्याच्याकडे मूल पाठवू नका.

दुसरं म्हणजे मुलाची स्वतःची इच्छा. "मोबाईल सुटेल", "वळण लागेल" म्हणून बळजबरीने पाठवलेला पंधरा वर्षांचा मुलगा शिबिरभर दिवस मोजतो आणि पुढची कित्येक वर्षं या विषयाकडे फिरकत नाही. त्याला दिनक्रमाचं पान दाखवा, प्रश्न विचारू द्या. नको म्हणाला तर तूर्त नको. पहिलं शिबिर दोन-तीन दिवसांचं पुरे.

जाण्यापूर्वी मुलाला स्पष्ट शब्दांत सांगून ठेवा: कोणी अंगाला हात लावला, काही गुपित ठेवायला सांगितलं किंवा नुसतंच विचित्र वाटलं तरी फोन कर, आम्ही लगेच न्यायला येऊ, कारण विचारत बसणार नाही.

शेवटचे तीन-चार आठवडे

उठण्याची वेळ दर दोन-तीन दिवसांनी पंधरा मिनिटांनी अलीकडे आणा. एकदम पहाटे चारचा गजर लावून काही होत नाही, आधी रात्री झोपण्याची वेळ अलीकडे आणावी लागते. जमिनीवर बसण्याची सवय नसेल तर रोज दहा मिनिटांपासून सुरुवात करून अर्ध्या तासापर्यंत या. बैठक थोडी उंच हवी. कंबर गुडघ्यांपेक्षा वर राहिली की पाठ सहज सरळ होते, म्हणून घडी घातलेलं ब्लँकेट बैठकीखाली घेऊन पाहा. चहा-कॉफी जास्त असेल तर हळूहळू कमी करा. ती अचानक सुटली की डोकं दुखतं, आणि दुसऱ्या दिवशीचा तो त्रास अनेकांना साधनेचाच वाटतो.

मोबाईल तिथे जमा करावा लागणार असेल, तर घरी संध्याकाळी दोन तास बंद ठेवून पाहा. मग लक्षात येतं की अडचण मोबाईलची कमी आणि अर्धवट सोडलेल्या कामांची जास्त आहे. बिलं भरून टाका, ऑफिसात कोणाकडे काय सोपवलंय ते लिहून द्या, घरच्यांना शिबिराचा क्रमांक द्या आणि "माझा फोन लागला नाही तर घाबरू नका" हे सांगून ठेवा. मनाला आठवत राहील असं काम मागे ठेवलं, तर ते चौथ्या बैठकीत हमखास समोर येऊन बसतं.

सामानाची यादी बहुतेक आयोजक देतातच. त्यात मी दोनच गोष्टी घालेन: आवाज न करणारी चप्पल आणि एक साधं गजराचं घड्याळ. परतीचं तिकीट समारोपाच्या वेळेला चिकटवून काढू नका.

तिथे गेल्यावर

पहिला दिवस उत्साहात जातो. दुसरा आणि तिसरा जड जातो, आणि हे जवळजवळ सगळ्यांचं होतं. अंग दुखतं, दुपारी पेंग येते, आणि "मी इथे कशाला आले?" हा प्रश्न इतका पटण्याजोगा वाटतो की लोक बॅग भरायला लागतात. व्यवस्थेत असताना निघून जाण्याच्या विनंत्या मी याच दिवसांत जास्त ऐकल्या. माझा सल्ला ठरलेला असे: आज निर्णय नको. जेवा, झोपा, उद्या दुपारी आचार्यांशी बोला, मग ठरवा. बरेच जण दुसऱ्या दिवशी भेटायला येत पण जाण्याचा विषय काढत नसत.

एका तासाच्या बैठकीत काय होतं ते सांगते. पहिली पंधरा मिनिटं ठीक. मग उजव्या गुडघ्याच्या आतल्या बाजूला एक बारीक ठसठस सुरू होते. मन तिच्याभोवती गोष्ट रचतं: पाय कायमचा दुखावणार, घंटा वाजवायला विसरले असतील, शेजारचा कसा स्थिर बसलाय. या गोष्टीमुळे ठसठस दुप्पट होते. गोष्ट सोडून नुसत्या ठसठशीकडे पाहिलं तर ती एकसारखी नसते, वाढते, ओसरते, जागा बदलते. विपश्यनेत चौथ्या दिवसापासून सामूहिक बैठकीत न हलण्याचा जो संकल्प सांगतात, त्याला अधिष्ठान म्हणतात, तो हे पाहता यावं म्हणून आहे, सहनशक्तीची परीक्षा म्हणून नाही. मात्र दुखणं तीक्ष्ण, सुरी फिरवल्यासारखं असेल, किंवा उठल्यावरही अर्धा-पाऊण तास राहत असेल, तर पाय मोकळा करा आणि खुर्ची मागून घ्या. खुर्चीवर बसून साधना कमी होत नाही.

मार्गदर्शकाच्या भेटीत तत्त्वज्ञान विचारून वेळ दवडू नका. तुम्ही काय करताय, कुठे अडलं, काय घडलं तेवढं सांगा. "दुपारच्या बैठकीत भीती दाटून येते, डोळे मिटता येत नाहीत" हा उत्तम प्रश्न आहे. भीती, भास, झोप पूर्ण उडणं, आपण आपल्या शरीरात नाही असं सतत वाटणं, यातलं काही झालं तर पुढच्या भेटीची वाट न पाहता लगेच सांगा, आणि ध्यान थांबवा. मौनात व्यवस्थापकांशी आणि आचार्यांशी बोलायला मनाई नसते.

शेजाऱ्याशी तुलना करू नका. ज्याचा चेहरा शांत दिसतो तोही आतून काय काय सोसत असतो ते मौन सुटल्यावर कळतं.

आणि सगळं विचारून, झोप काढून, भेट घेऊनही राहवत नसेल तर सांगून, रीतसर निघा. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

परत आल्यावर

पहिले दोन-तीन दिवस आवाज मोठे वाटतात, रहदारी नकोशी होते, डोळ्यांत पटकन पाणी येतं. शक्य असेल तर कामावर जाण्यापूर्वी एक दिवस मोकळा ठेवा. नोकरी सोडणं, दीक्षा घेणं, लग्न मोडणं किंवा ठरवणं, मोठी देणगी देणं असे निर्णय किमान महिनाभर लांबणीवर टाका. शिबिरात उमटलेला विचार खरा असेल तर महिन्याने तो तसाच उभा राहील.

घरी उपदेश करू नका. तुमच्या गैरहजेरीत ज्यांनी मुलं, आजारी माणसं, स्वयंपाकघर सांभाळलं, त्यांच्या हातातलं काम आधी घ्या. त्यांनी आपणहून विचारलं तर सांगा, थोडक्यात.

सरावाचं म्हणाल तर शिबिरातली मात्रा घरी टिकत नाही. विपश्यनेत रोज सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसायला सांगतात. तो जमला तर उत्तम. पण दोन तासांचा निश्चय करून दहाव्या दिवशी सगळंच सोडणारे मी इतके पाहिलेत, की नवख्यांना मी वीस मिनिटं, ठरलेली वेळ, ठरलेली जागा एवढंच सांगते. आठवड्यातून एकदा सोबत बसणारा गट मिळाला तर तो जरूर धरा. एकट्याने नेटाने चालू ठेवणारे फार थोडे असतात.

पुढच्या शिबिराची नावनोंदणी लगेच करू नका. तीन महिने रोजचा सराव चालवून पाहा. मगही ओढ असेल तर त्याच परंपरेत पुन्हा जा, कारण पहिल्या वेळी निम्मी शक्ती जागेशी आणि वेळापत्रकाशी जुळवून घेण्यातच गेलेली असते. आणि जमलं तर एकदा सेवेला जा. पहाटे इतरांसाठी घंटा वाजवायची असते, भांडी घासायची असतात, तिसऱ्या दिवशी बॅग घेऊन आलेल्या माणसाचं ऐकून घ्यायचं असतं, आणि या सगळ्यातून वेळ काढून स्वतःची बैठकही चुकवायची नसते.